मोगलाईतून इंग्रजीत : गावकुसाबाहेरचे एक देशांतर

'परदेश' हा शब्द आपल्याकडे बोटीला बांधलेला आहे. मराठी माणसाच्या परदेशगमनाचा इतिहास लिहायला बसलेला अभ्यासक बॅरिस्टरीसाठी विलायतेला गेलेल्यांपासून सुरुवात करतो आणि अमेरिकेतल्या मराठी मंडळांपाशी येऊन थांबतो. मधले काही त्याला दिसत नाही. परंतु १९४८ पूर्वी मराठी मुलखाच्या अगदी मधोमध एक परदेश होता. तिथे जायला बोट लागत नव्हती, पासपोर्ट लागत नव्हता. सोयगावहून चार-पाच कोस पायी चालले की शेंदुर्णी येत असे, आणि शेंदुर्णीला पोचलेल्या माणसाचा राजा बदललेला असे, नाणे बदललेले असे, कचेरीची भाषा बदललेली असे.

सोयगावचा भूगोल ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. अजिंठ्याचा डोंगर पूर्व-पश्चिम पसरलेला आहे. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, त्या डोंगराच्या दक्षिणेला. सोयगाव उत्तरेला, घाटाच्या खाली. पाणी तापीकडे वाहते, बोलीला खानदेशी वळण आहे, सोयरीक पाचोरा-जामनेरकडे. निसर्गाने हा तुकडा खानदेशात टाकला आणि राज्यकर्त्यांनी तो निजामाच्या औरंगाबाद सुभ्यात ठेवला. म्हणून इथली माणसे डोंगराच्या एका अंगाला 'आपली मोगलाई' म्हणत आणि समोरच्या सपाटीला 'इंग्रजी'. 'अमका इंग्रजीत गेला' या वाक्याचा अर्थ तो शाळेत इंग्रजी शिकू लागला असा नसे. तो हद्द ओलांडून पूर्व खानदेश जिल्ह्यात राहायला गेला, एवढाच त्याचा अर्थ.

ही हद्द किती खरी होती? हैदराबाद संस्थानाचे स्वतःचे नाणे होते. त्याला हाली म्हणत आणि इंग्रजी रुपयाला कलदार. सात हाली रुपये दिले तर सुमारे सहा कलदार मिळत. संस्थानाची टपाल तिकिटे स्वतंत्र, कालगणना फसली, आणि १८८० नंतरच्या दशकात फारसीच्या जागी आलेली उर्दू ही राज्यकारभाराची भाषा. नाक्यावर करोडगिरी खाते बसलेले असे आणि जाणाऱ्या-येणाऱ्या मालावर शेकडा पाच या दराने जकात घेत असे. १९१९ च्या सुमारास पाचोरा-जामनेर ही अरुंद रुळाची गाडी धावू लागली. शेंदुर्णी हे तिच्यावरचे एक स्टेशन. सोयगावच्या माणसाला जगात जाण्याचा तो दरवाजा झाला. शेंदुर्णीला गाडीत बसायचे, पाचोऱ्याला मोठ्या लाईनीला लागायचे; मग एका बाजूला भुसावळ, दुसऱ्या बाजूला चाळीसगाव, मनमाड आणि मुंबई. (ही गाडी २०२० मध्ये थांबली ती त्या अरुंद रुळांवर पुन्हा धावली नाही.)

या सरहद्दीचा इतिहास लिहिलेला नाही असे नाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या ग्रंथांतून ती पानोपानी भेटते. सत्याग्रहींचे कॅम्प, शस्त्रांची ने-आण, फोडलेले करोडगिरी नाके हे सारे तिथे आहे. पण ही सरहद्द महारवाड्यातून कोणी ओलांडली, डोक्यावर काय घेऊन ओलांडली, पलीकडे त्याला पहिली रात्र कोणी काढू दिली, पहिला घोट पाणी कुठे मिळाला, याचा एक ओळभरही उल्लेख त्यात नाही. सरहद्द ओलांडणारा देशभक्त इतिहासात येतो; सरहद्द ओलांडणारे कुटुंब येत नाही. मी इतिहास शिकवतो आणि माझे घराणे त्या न आलेल्यांपैकी आहे. म्हणून हा लेख.

का गेले

माझा पणजोबा १९३६ साली बायको आणि तीन लेकरे घेऊन सोयगावच्या महारवाड्यातून पाचोऱ्याला गेला. माझा आजा तेव्हा सात वर्षांचा होता. २००९ मध्ये तो वारला, तोवर मी त्याच्याकडून जे ऐकले आणि नंतर कागदांशी ताडून पाहिले ते इथे मांडतो. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला. त्यामुळे घरात कागद फार नाहीत. आठवणी आहेत, आणि त्या कागदापेक्षा कमी भरवशाच्या असतात असे मला इतकी वर्षे शिकवूनही वाटत नाही.

लोक गाव का सोडतात याला अर्थशास्त्राचे उत्तर तयार असते : पोट. आमच्या माणसांच्या बाबतीत हे उत्तर अपुरे आहे. महाराला गावात पोटापुरते बलुते होते, येसकरकीची पाळी होती, बिदरच्या बादशहाने दिले म्हणून सांगितले जाणारे बावन्न हक्क होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले तेव्हा त्यांनी नेमक्या याच दुखण्यावर बोट ठेवले होते. वतन म्हणजे मिळकत नव्हे. थोड्याशा जमिनीच्या आणि भाकरीच्या मोबदल्यात सबंध कुटुंबाला चोवीस तास सरकारच्या आणि गावाच्या हुकमात बांधून ठेवणारी ती बेडी आहे. महार नोकर एक, पण राबायचे सगळ्या घराने. ते बिल मुंबई प्रांतापुरते होते. निजामी मुलखात असा प्रश्न विचारता येईल असे कायदेमंडळ नव्हते.

सोयगावकडच्या वेठीला आणखी एक रूप होते. अजिंठ्याची लेणी जवळ. फर्दापूरला साहेब लोक उतरत, अंमलदार येत, पाहुणे येत. त्यांचे ओझे वाहायला महारवाड्यातून माणसे बोलावली जात आणि हे काम वेठीचे समजले जाई. माझ्या पणजोबाने ते वाहिले. निजामाच्या पुराणवस्तू खात्याने १९२० नंतर लेण्यांतील चित्रांच्या दुरुस्तीसाठी इटलीहून चेकोनी आणि ओर्सिनी हे दोन तज्ज्ञ आणवले होते. बुद्धाच्या चित्राचा पोपडा पडू नये म्हणून सातासमुद्रापलीकडून माणसे आली, याचा खेद करण्याचे कारण नाही. ती चित्रे वाचली हे चांगलेच झाले. परंतु त्याच डोंगराच्या पायथ्याशी जी माणसे पुढे काही दशकांनी बुद्धाला शरण जाणार होती, त्यांच्या पाठीवर ओझ्याचे वळ उठत होते, आणि त्यांची दुरुस्ती कोणत्याही खात्याच्या कामात नव्हती.

एका पावसाळ्यात पाळी नसताना बोलावले म्हणून पणजोबा गेला नाही. त्यावरून चावडीपुढे त्याला बायकोदेखत मारले. आठ दिवसांत त्याने घर सोडले. वतनाची पाळी धाकट्या भावाच्या गळ्यात पडली. आमच्या घराण्याच्या दोन शाखा तिथे झाल्या : एक मोगलाईत राहिलेली, एक इंग्रजीत गेलेली. राहिलेल्यांनी गेलेल्यांना बरीच वर्षे माफ केले नाही. एक माणूस सुटला की त्याचे ओझे दुसऱ्याच्या पाठीवर जाते, हा वतनाचा नियमच होता.

नव्या घराची जागा

परक्या मुलखात गेलेले कुटुंब प्रथम काय शोधते? डोक्यावर छप्पर. इथेच या देशांतराचे वेगळेपण कळते. सवर्ण स्थलांतरित धर्मशाळेत उतरू शकतो, देवळात राहू शकतो, जातभाईच्या वाड्यात पडवी मागू शकतो, पैसे असतील तर खोली भाड्याने घेऊ शकतो. आमच्या माणसाला यातले एकही दार उघडे नव्हते.

यासाठी अडाणी मजुराचेच उदाहरण पाहिजे असे नाही. १९१७ साली बाबासाहेब न्यूयॉर्क आणि लंडन येथे शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला आले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या माणसाला बडोदे शहरात राहायला खोली मिळाली नाही. पारशी खानावळीत नाव बदलून ते उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथून हाकलले. बागेत पाच तास काढून त्यांनी रात्रीची गाडी धरली. हा प्रसंग त्यांनी ज्या आत्मकथनपर टिपणात लिहिला त्याला त्यांनी दिलेले नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा' असे आहे. १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते पुस्तिकारूपाने छापले. व्हिसा म्हणजे परक्या देशात शिरण्याची परवानगी. ज्या देशात जन्मलो त्याच देशात शिरण्यासाठी परवानगीची वाट पाहणारा माणूस, हा अर्थ त्या शीर्षकात भरलेला आहे.

पाचोऱ्याला पणजोबाच्या कुटुंबाला जागा मिळाली ती तिथल्या महारवाड्यात, पणजीच्या मावसभावाच्या अंगणात. तुराट्यांचा कूड, वर पाचट, दाराला गोणपाट. हे पहिले घर. गाव बदलले, राज्य बदलले, पण घराची दिशा तीच राहिली : गावाच्या बाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. मोगलाईतल्या महारवाड्याला इंग्रजीतला महारवाडा ओळखीचा होता, कारण दोन्ही एकाच शास्त्रीने आखून दिले होते. मनूच्या राज्याला करोडगिरीचा नाका नव्हता.

तरीही आपल्या लोकांच्या या व्यवस्थेकडे नीट पाहिले पाहिजे. सरकार नव्हते, संस्था नव्हती, धर्मशाळा नव्हती. पण खानदेश-वऱ्हाड-मोगलाईभर पसरलेल्या सोयरिकींचे एक जाळे होते आणि ते दोन राज्यांच्या वरून विणलेले होते. पोरगी इंग्रजीत दिलेली, सून मोगलाईतली. म्हणून सरहद्द ओलांडणाऱ्याला पलीकडे एक तरी अंगण असे. हे जाळे बायकांनी राखले होते. पणजीने कूड सारवला, चुलीला जागा केली आणि पहिल्या आठवड्यात शेजारणींबरोबर शेतात निंदणीला गेली. घर बसते ते अशा कामाने. 'स्थलांतराची सामाजिक यंत्रणा' असे आम्ही वर्गात जे शिकवतो ते हेच.

पाणी, काम, शाळा

आता प्रश्न असा की इंग्रजी मुलखात जाऊन नेमके काय बदलले? प्रामाणिकपणे हिशेब मांडला पाहिजे. इंग्रज आला आणि आपण सुटलो, ही एक सोपी मांडणी आहे. इंग्रजाने काहीच केले नाही, ही दुसरी. दोन्ही आळशी मांडण्या आहेत.

पाणी बदलले नाही. मुंबई कायदेमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी बोले यांचा ठराव मंजूर करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले होते. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर काय झाले ते आपण जाणतो. खानदेशातही ठराव कागदावरच होता. २९ मे १९२९ रोजी जळगावला दलितांच्या परिषदेत, अस्पृश्यांची गाऱ्हाणी दूर झाली नाहीत तर त्यांनी धर्मांतर करावे असा ठराव झाला. महिन्याच्या आत बारा महारांनी इस्लाम स्वीकारला, आणि मग घाईघाईने दोन विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्यात आल्या. विहीर उघडायला कायदा पुरला नाही. माणसे हातची जात आहेत हे दिसावे लागले. पणजोबाचे कुटुंब पाचोऱ्याला आले तेव्हा त्यांच्या वाट्याला महारवाड्याचीच विहीर आली.

रस्ताही फारसा बदलला नाही. २३ ऑक्टोबर १९२९ रोजी बाबासाहेब चाळीसगावला उतरले. महारवाड्यातील मंडळींनी त्यांना मुक्कामाला ठेवून घेतले, पण स्टेशनवरचा एकही टांगेवाला अस्पृश्याला हाकून न्यायला तयार होईना. शेवटी टांगा मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. महारवाड्यातल्याच एका माणसाने, ज्याने कधी टांगा हाकला नव्हता, लगाम हातात घेतला. पुलावर टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. पाचोऱ्याहून चाळीसगाव याच लाईनीवर आहे. इंग्रजी राज्य होते, रेल्वे होती, आणि जातही होती.

काम मात्र बदलले, आणि हा बदल लहान नव्हता. पाचोऱ्याला कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगच्या गिरण्या होत्या. पणजोबा तिथे हंगामावर लागला. पुढे रेल्वेच्या गँगमध्ये गेला. तिथेही पायरी ठरलेली होती. कापड गिरण्यांत विणकाम खाते आमच्या माणसाला बंद होते, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि त्यात विटाळ होतो. रेल्वेत तो गँगमन होऊ शके. स्टेशनवर पोर्टर होणे कठीण, कारण पोर्टरला मास्तरच्या घरचे काम पडे आणि मास्तरच्या घरात महार चालत नसे. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली, तिच्यात बाबासाहेबांनी ही गाऱ्हाणी मांडली आणि कामगारांचे दोन शत्रू सांगितले : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही.

एवढे सगळे असूनही पगाराच्या दिवशी हातात कलदार पडत. भाकर मागून आणावी लागत नव्हती. कामाचे तास संपले की माणूस आपला होता. रात्री दारावर काठी आपटून 'चल रे' म्हणणारा कोणी नव्हता. मोगलाईत पणजोबाला पाटील नावानिशी ओळखत होता. पाचोऱ्याला मुकादम त्याला नंबराने ओळखत होता. सुशिक्षित लेखक शहरातल्या या अनोळखीपणाला एकाकीपणा म्हणतात आणि त्याबद्दल हळहळतात. आमच्या माणसाला ते पहिले स्वातंत्र्य वाटले. ज्याचे नाव हीच त्याची शिवी होती, त्याला नंबर मिळणे हे काही दुःख नव्हते.

आणि शाळा. १९३७ च्या जूनमध्ये आजाचे नाव मराठी शाळेत घातले गेले. तो वर्गाच्या बाहेरच्या ओळीत बसे, पण बसे. सोयगावकडे कारभाराची भाषा उर्दू, शाळा थोड्या, आणि मराठी ही घरात आणि शेतात बोलण्याची गोष्ट. सरहद्दीच्या अलीकडे राहिलेली त्याची चुलत भावंडे अंगठा उठवत राहिली. पलीकडे गेलेला आजा चौथी पास झाला. एकाच घराण्यात, चार-पाच कोसांच्या अंतराने, एका पिढीत हा फरक पडला. तो बुद्धीचा नव्हता.

नदीपलीकडची सभा

सरहद्द आणखी एका कामी आली. ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नडजवळ मक्रणपूर येथे मराठवाड्यातील दलितांची परिषद भरली. भाऊसाहेब मोरे यांनी ती बोलावली होती आणि अध्यक्ष बाबासाहेब होते. निजामाच्या हद्दीत त्यांना भाषणाची बंदी होती. शिवना नदी ही तिथे हद्द. अलीकडे कन्नड निजामाचे, पलीकडे मक्रणपूर इंग्रजीत. म्हणून सभा नदीपलीकडे घेतली. आपल्याच नेत्याला ऐकण्यासाठी मोगलाईतल्या हजारो माणसांनी नदी ओलांडली. 'जय भीम' हे अभिवादन याच परिषदेतून रूढ झाले असे मराठवाड्यात सांगतात. विटांचे ते व्यासपीठ अजून उभे आहे आणि दरवर्षी त्या तारखेला तिथे लोक जमतात.

ज्या सरहद्दीने राज्ये वेगळी केली तिनेच आमच्या लोकांना एक फट दिली. तिकडच्या राज्यात मिळालेला शब्द इकडच्या राज्यात आणता येत होता, आणि त्याच्यावर करोडगिरी बसत नव्हती. सोयरिकीच्या जाळ्यातून आता चळवळ वाहू लागली. पाचोऱ्याला गेलेली माणसे सणासुदीला सोयगावला येत तेव्हा गूळ-खोबऱ्याबरोबर सभेच्या बातम्याही आणत.

सप्टेंबर १९४८

१५ ऑगस्ट १९४७ ला पाचोऱ्यावर तिरंगा चढला आणि सोयगाव परदेशच राहिले. किंबहुना पूर्वीपेक्षा जास्त परदेश झाले. निजामाला स्वतंत्र राहायचे होते. २९ नोव्हेंबर १९४७ चा 'जैसे थे' करार झाला, पण रझाकारांचा जोर वाढत गेला. डोंगराखालच्या गावांतून माणसे खानदेशात पळाली. आता महारवाड्यातले अंगण दुसऱ्यांदा उपयोगी आले : १९३६ साली आसरा मागणाऱ्या पणजोबाच्या झोपडीत भावाचे कुटुंब येऊन राहिले. जुना अबोला त्या आठ-दहा महिन्यांत सुटला.

दलितांवर या काळात दुहेरी दडपण होते. एकीकडे इत्तेहाद त्यांना आपल्याकडे ओढीत होती; दलित नेते बी. एस. व्यंकटराव लायक अलींच्या मंत्रिमंडळात होते. दुसरीकडे बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये निवेदन काढून हैदराबादच्या दलितांना निःसंदिग्धपणे सांगितले की निजामाची व इत्तेहादची बाजू घेऊ नका, धर्मांतराच्या दडपणाला बळी पडू नका. निवेदन स्पष्ट होते. परंतु १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर सूड उगवला गेला तेव्हा ते निवेदन कोणी वाचून पाहिले नाही. मुसलमानांची भीषण कत्तल झाली. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला, आणि तो अहवाल कित्येक दशके दडपलेला राहिला. मराठवाड्यात अनेक ठिकाणी दलितांनाही 'रझाकारांचे हस्तक' म्हणून झोडपले गेले. मुक्तीच्या उत्सवात कोणाची घरे जळाली याचा हिशेब १७ सप्टेंबरच्या भाषणांत येत नाही. निजामाचे राज्य गेले हे योग्यच झाले. पण राजा जाणे आणि पाटील जाणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि दुसरीची तारीख अजून कॅलेंडरावर छापलेली नाही.

परत येणे

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धर्मांतर झाले. त्यानंतर अठराव्या दिवशी, १ नोव्हेंबरला, मराठवाडा मुंबई राज्यात आला. आजाने अठरा दिवसांत धर्म आणि सरहद्द दोन्ही बदललेली पाहिली. १९५७ मध्ये तो सोयगावला परत आला. लोक विचारतात, जिथून बाप मार खाऊन गेला तिथे का आला? त्याचे उत्तर साधे होते. हैदराबाद इनाम रद्द करणारा १९५४ चा कायदा झाला होता. वतनाची वेठ गेली आणि बापाच्या वाट्याचा तुकडा तरी मिळावा, ही आशा होती. जमीन मिळायला वीस वर्षे गेली आणि मिळाली ती दीड एकर, मुरमाड. मधल्या काळात कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांनी आजासारख्यांना शिकवले की जमीन अर्जाने मिळत नाही.

परत आलेल्या आजाने घर बांधले ते पुन्हा बौद्धवाड्यातच, पण दार पूर्वेकडे, रस्त्याच्या बाजूला ठेवले. पाचोऱ्याच्या कामगारांच्या वस्तीतून त्याने एक खिडकीची चौकट आणली होती, ती बसवली. सोयगावच्या वाड्यात खिडकी असलेले ते पहिल्या काही घरांपैकी एक. आत बाबासाहेबांचा फोटो आणि बुद्धाची मूर्ती. इंग्रजीत वीस वर्षे राहून त्याने काय कमावले, असे मला कोणी विचारले तर मी या तीन वस्तू सांगतो : चौथीचा दाखला, खिडकी आणि 'जय भीम'.

कागदाची सरहद्द

ही जुनी कथा आज का उगाळायची, असे कोणाला वाटेल. त्यांच्यासाठी पुढचे सांगतो. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० ही मानीव तारीख धरली जाते. त्या दिवशी तुमचा बाप किंवा आजा कुठे राहत होता तिथल्या कचेरीतून दाखला घ्यावा लागतो. माझा आजा त्या दिवशी पाचोऱ्याला होता. मी जन्मलो, वाढलो सोयगावला. प्राध्यापकाच्या जागेसाठी जातपडताळणी करताना एका कचेरीने मला दुसरीकडे पाठवले, दुसरीने पहिलीकडे. दोन्हीकडे महाराष्ट्र सरकारचीच पाटी होती; तरी मी हद्दीवर उभा होतो. अखेर कामी आला तो १९३७ चा शाळेच्या रजिस्टरातला उतारा. त्यात जात 'महार' आणि जन्मस्थळाच्या रकान्यात 'सोयगाव, मोगलाई' असे लिहिलेले आहे. एका अनामिक मास्तराने बोरूने लिहिलेल्या त्या दोन शब्दांनी मला नोकरी दिली.

दरवर्षी माझे काही विद्यार्थी असेच अडकतात. कोणाच्या आजाचा कागद उर्दूत आहे आणि वाचणारा मिळत नाही; कोणाच्या कागदावरची तारीख फसली आहे. (फसली साल इसवीत आणायला ढोबळमानाने ५९० मिळवावे लागतात, हे साधे गणित कोणी सांगितलेले नसते.) कोणाचा आजा मोगलाईत अंगठा उठवून मेला, त्याचा कागदच नाही. ज्यांना शाळेत घेतले नाही त्यांच्याकडेच शाळेचा दाखला मागितला जातो. इतिहास हा आमच्यासाठी छंदाचा विषय नाही. तो प्रवेशाचा, नोकरीचा, पोटाचा विषय आहे.

आणि नवे परदेश आहेतच. आमची पोरे आज राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर लंडनला जातात. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब जिथे राहिले ते किंग हेन्री रोडवरचे १० क्रमांकाचे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतले. पण तिथेही खोली शोधताना आडनाव विचारणारा देशबंधू भेटतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतील सिएटल शहराने जातीवरून भेदभाव करण्यास कायद्याने बंदी घातली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी तशाच विधेयकावर सही नाकारली. सात हजार मैलांवरच्या नगरपालिकेला जातीवर कायदा करावा लागतो, याचा अर्थ जात बोटीत बसूनही जाते. पाचोऱ्याच्या महारवाड्यात आमच्या पणजीला जे १९३६ साली कळले ते जगाला आता कळू लागले आहे.

मराठवाडा-खानदेश सरहद्दीवर अशी शेकडो घराणी आहेत. ती पिढी जवळजवळ संपली. ऐकून ठेवलेली पिढी अजून आहे. महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याने घरातल्या सर्वांत वृद्ध बाईला चार प्रश्न विचारावेत आणि उत्तरे तारखेसह वहीत लिहावीत : आपण कुठून आलो? का निघालो? पहिली रात्र कोणाच्या अंगणात काढली? पाणी कोणत्या विहिरीचे प्यालो? प्राध्यापकांनी या वह्या एकत्र कराव्यात, जुन्या शाळांची रजिस्टरे वाळवीच्या आधी पाहून घ्यावीत, उर्दू जाणणाऱ्या शेजाऱ्याकडून घरातला कागद वाचून घ्यावा. हे काम कोणतेही मंडळ आपल्यासाठी करणार नाही. माझ्या विद्यार्थ्यांच्या अशा एकवीस वह्या सध्या माझ्या टेबलावर आहेत. त्यांतल्या चौदांमध्ये 'मोगलाई' हा शब्द आलेला आहे.